बुडी मारणाऱ्याचा दम

खेड तालुक्याला समुद्र नाही, पण पाण्याची ददातही नाही. भीमा, भामा आणि इंद्रायणी अशा तीन नद्या तालुक्यातून वाहतात. भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड ही धरणं आहेत, राजगुरुनगरात हुतात्मा राजगुरूंच्या वाड्याला लागून भीमा वाहते आणि शेतोशेती विहिरी आहेत. मागच्या दोन-तीन पिढ्या पोहायला शिकल्या त्या या विहिरींतच. पाठीला आधी वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा असायचा, पुढे तेलाचा डबा आला, आता प्लॅस्टिकचा कॅन. तो सुटला की सूर आणि मुटका, आणि शेवटची परीक्षा बुडीची: तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणायचा. गाळ दाखवल्याशिवाय कुणी मानत नसे.

आज त्याच घरांतली मुलं चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करतात आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर फ्रीडायव्हिंगचे व्हिडिओ बघतात. पाठीवर सिलिंडर नसलेला माणूस पायात एकच रुंद फिन घालून दोरीच्या कडेनं निळ्या काळोखात उतरतो आणि तीन-चार मिनिटांनी हसत वर येतो. दम वाढवून देणारी ॲप आहेत, वेळापत्रकं आहेत. त्यामुळे ‘हे आपल्याला जमेल का’ हा प्रश्न आता केवळ समुद्रकाठचा राहिलेला नाही. या सरावाबद्दल आजवर काय कळलं आहे, त्यातलं किती आपल्याकडे आधीपासून होतं आणि नेमकं काय नव्हतं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. दम वाढवण्याची साधनं या मुलखात भरपूर आहेत. नाही ती काठावर उभं राहून लक्ष ठेवणाऱ्या दुसऱ्या माणसाची शिस्त.

सुरुवात हिशेबापासून करू. पूर्ण श्वास भरलेल्या धडधाकट माणसाच्या फुप्फुसांत, रक्तात आणि स्नायूंत मिळून दोन-अडीच लिटर ऑक्सिजन असतो. स्वस्थ पडून राहिलं तर मिनिटाला साधारण पाव लिटर खर्च होतो. म्हणजे सगळा साठा शेवटच्या थेंबापर्यंत वापरता आला तरी आठ-दहा मिनिटं, आणि तसा तो वापरता येत नाही, कारण मेंदू त्याच्या कितीतरी आधी बंद पडतो. तरीही फ्रान्सच्या स्टेफान मिफसूदनं २००९ साली पाण्यात तोंड घालून निश्चल तरंगत ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला. त्याच्या फुप्फुसांची क्षमता मुळातच अफाट होती हे खरं. पण नुसत्या मोठ्या टाकीवर हा हिशेब जुळत नाही. खर्चही कमी व्हावा लागतो. (२०२५ मध्ये क्रोएशियाच्या व्हितोमीर मारिचिचनं २९ मिनिटांचा टप्पा ओलांडल्याची बातमी आपल्याकडेही फिरली. त्यानं आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेतला होता. तो वेगळाच प्रकार आहे आणि दोन्ही आकडे एका रांगेत मांडणं चूक आहे.)

आता एक गोष्ट, जी कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याची खबर मेंदूला लागते आणि मेंदू ‘श्वास घे’ म्हणून तगादा लावतो. सुरुवातीला घशाशी नुसती अस्वस्थता वाटते, मग श्वासपटल आपणहून हिसके देऊ लागतं. नवख्या माणसाला वाटतं, संपलं. प्रत्यक्षात त्या वेळी त्याच्या रक्तात ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असतो. बहुतेक निरोगी माणसं पहिल्या प्रयत्नाला अर्ध्या ते दीड मिनिटात हार मानतात, आणि नीट शिकवलं तर काही आठवड्यांतच दोन-अडीच मिनिटांवर जातात. एवढ्यात फुप्फुसं काही वाढलेली नसतात. तगादा ओळखीचा झालेला असतो, इतकंच.

सरावाची जी दोन प्रसिद्ध कोष्टकं आहेत ती याच पायावर उभी आहेत. पहिलं कार्बन डायऑक्साइडचं. समजा एखाद्याचा सर्वांत मोठा दम तीन मिनिटांचा आहे. त्यानं प्रत्येक वेळी दीडच मिनिट श्वास रोखायचा, पण मधली विश्रांती कमी करत न्यायची: अडीच मिनिटं, सव्वादोन, दोन, पावणेदोन. अशा आठ फेऱ्या. कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडायच्या आत पुढची फेरी सुरू होते, आणि शरीर त्या चढत्या पातळीला सरावतं. दुसऱ्या कोष्टकात उलटं असतं. विश्रांती तेवढीच, दोन मिनिटांची. रोखण्याचा काळ मात्र दर फेरीला वाढतो आणि कमाल दमाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबतो. त्याला ऑक्सिजनचं कोष्टक म्हणतात, कारण त्यात शरीराला कमी ऑक्सिजनची सवय लावायची असते. दोन्ही एकाच दिवशी करत नाहीत, आणि दोन्ही कोरड्या जमिनीवर, पलंगावर किंवा चटईवर पडून करायची असतात. पाण्यात नाही. या शेवटच्या दोन शब्दांकडे पुन्हा येऊ.

कोष्टकांचं ॲपवाल्यांनी फार स्तोम माजवलं आहे, असं मला वाटतं. त्यांत आकडे असतात, आलेख असतो, आज कालपेक्षा दहा सेकंद जास्त झाल्याचा आनंद असतो. जाणते प्रशिक्षक मात्र पहिला भर सैल पडण्यावर देतात. कपाळ, जबडा, खांदे, पोट यांत नकळत धरलेला ताण सोडला की ऑक्सिजनचा खर्च घटतो, नाडी मंदावते. मन घड्याळावर असेल तर दोन मिनिटंही सरत नाहीत. एक पाळी संपवून दुचाकीवर चाकण चौकातली कोंडी पार करून घरी आलेल्या मुलानं लगेच कोष्टक लावलं तर त्याचा आकडा कमीच येणार. त्यात त्याच्या फुप्फुसांचा दोष नाही. चालता चालता श्वास रोखण्याचा सरावही सांगितला जातो, पण तो मोकळ्या मैदानावर, गवतावर. रस्त्यावर किंवा गाडी चालवताना कधीच नाही.

शरीराकडे स्वतःची अशी एक जुनी सोयही आहे. तोंडाला थंड पाणी लागलं आणि श्वास थांबला की नाडी मंदावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त हृदय-मेंदूकडे राखलं जातं. एकोणिसाव्या शतकात पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं बदकांवर आणि १९४०च्या सुमारास पेर शोलांडर यानं सीलवर हे तपासलं. माणसातही ते आहे, फक्त सौम्य. दुसरी मदत प्लीहेची, म्हणजे आपल्या पाणथरीची. तिच्यात तांबड्या पेशींनी दाट झालेलं रक्त साठून असतं. दोन-चार वेळा श्वास रोखला की ती आकसते आणि ते रक्त फिरत्या रक्तात सोडते. म्हणूनच पहिल्या प्रयत्नापेक्षा चौथा बहुधा लांबतो, आणि विहिरीवरच्या पोरांना ‘पहिल्या बुडीत तळ सापडत नाही’ हा अनुभव शास्त्र न वाचताच आलेला असतो.

इंडोनेशियातल्या बजाऊ लोकांचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. पिढ्यान् पिढ्या बुडी मारून मासळी काढणारी ही जमात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी आढळली. जे बजाऊ स्वतः बुड्या मारत नाहीत त्यांचीसुद्धा. म्हणजे त्यात सरावाबरोबर वंशानुगत निवडीचाही भाग आहे. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका, ज्यांच्या परंपरेची युनेस्कोनं २०१६ मध्ये नोंद घेतली, सत्तरी ओलांडल्यावरही बुडी मारून शंखशिंपले काढतात. त्यांची एकेक बुडी विक्रमी नसते. साधारण अर्ध्या-एक मिनिटाची बुडी, वर येऊन थोडा श्वास, पुन्हा बुडी, असं तासन् तास चालतं. आपल्या कोकणातले खडकावरचे शिनाणे काढणारे बुडीवालेही याच पद्धतीचे. पोटासाठी बुडणारा माणूस दमाच्या शेवटच्या टोकापर्यंत कधी जात नाही, कारण उद्याही त्याला बुडायचं असतं. टोक गाठायची हौस खेळाडूची.

या खेळाचा इतिहास थोडक्यात एवढाच. १९६१ मध्ये इटलीच्या एन्झो मायोर्कानं ५० मीटरचा टप्पा गाठला. एवढ्या दाबाखाली छाती चिरडेल, असं त्या काळच्या शरीरशास्त्रातल्या जाणत्यांचं मत होतं. ३० मीटरवर सहा लिटर हवेची दीड लिटर होते, त्याच्या पुढं काय, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पुढे कळलं की रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत रक्त येऊन भरतं. १९७६ मध्ये फ्रेंच जाक मायोल एल्बा बेटाजवळ १०० मीटर खाली गेला. मायोल योगाभ्यासी होता आणि ते तो लपवत नसे. तेव्हापासून पाश्चात्त्य फ्रीडायव्हिंगच्या शिकवणीत प्राणायाम आणि बंध आले ते आलेच.

त्यांतला उड्डियान बंध आज जगभरचे फ्रीडायव्हर रोज करतात. श्वास पूर्ण सोडून पोट आत-वर खेचायचं, म्हणजे श्वासपटल आणि बरगड्या लवचिक होतात आणि खोल पाण्यात आकसणारी छाती दुखावत नाही. या बंधाचं वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंध आणि जालंधर यांच्या सोबतीनं येतं, आणि ज्ञानदेवांची आळंदी याच खेड तालुक्यातली. पण अभिमानानं तिथेच थांबण्यापेक्षा आणखी जवळचा धागा पाहावा. राजगुरुनगरपासून तास-दीड तासाच्या अंतरावर लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय घडतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. १९२०च्या दशकात हे करणारे ते जगातल्या पहिल्या काहींपैकी. प्राणायामानं भरपूर ऑक्सिजन मिळतो ही समजूत तेव्हाही होती, आजही आहे. कुवलयानंदांनी मोजमाप करून सांगितलं की प्राणायामाचं मोल त्यात नाहीच. पुढे १९६०च्या दशकात त्याच संस्थेत माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून प्रयोग झाले, आणि तिथेही बसण्याची मर्यादा ठरवली ती साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं. फ्रीडायव्हिंगचं निम्मं शरीरशास्त्र लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत वेगळ्या हेतूनं हाताळलं गेलं होतं. आपल्या पोहण्याच्या तलावांपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच.

कबड्डीचं नाव इथे हमखास निघतं. हुतूतू खेळलेला माणूस दमाचा पक्का, असं आपण धरून चालतो. त्यात फारसं तथ्य नाही. चढाई करणारा ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत सतत श्वास सोडत असतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो आणि स्नायू पूर्ण जोरात काम करत असतात. बुडी मारणाऱ्याचं गणित अगदी उलट: हवा आत कोंडलेली आणि अंग जमेल तितकं निवांत. शिवाय आता चढाई तीस सेकंदांची. कबड्डीपटूची छाती आणि काटकपणा उपयोगी पडेल, पण पाण्याखाली त्याला अंग शांत ठेवायला नव्यानं शिकावं लागेल, आणि चपळ माणसाला ते अवघड जातं.

आता धोक्याकडे. विहिरीवर बुडीची पैज लागली की पोरं काय करतात? काठावर उभं राहून भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात, छाती भरून घेतात आणि उडी टाकतात. त्यांना वाटतं, हवा जास्त साठवली. रक्त आधीच ऑक्सिजननं जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. त्यात आणखी भर पडायला जागा नसते. या फुंकण्यानं कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा. मग पाण्याखाली कासावीस व्हायला होतच नाही. पोरगा खुशीत असतो, ‘आज दम लई आहे’ असं त्याला वाटतं, आणि ऑक्सिजन नेहमीच्याच गतीनं संपत असतो. घंटा वाजायच्या आत शुद्ध जाते. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्रेग या डॉक्टरनं १९६१ मध्ये पाण्याखाली पोहताना बेशुद्ध पडलेल्यांच्या घटना तपासून हे कारण मांडलं. वाचलेल्यांपैकी अनेकांनी बुडीआधी असेच जोरजोरात श्वास घेतले होते, आणि आपण नेमके कधी बेशुद्ध झालो हे काहींना आठवतही नव्हतं.

खोलीमुळे यात आणखी एक फास आवळतो. पाच-सहा परस पाण्याच्या, म्हणजे दहाएक मीटरच्या तळाशी दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. फुप्फुसात ऑक्सिजनचं प्रमाण सहा टक्क्यांवर आलं तरी दुप्पट दाबामुळे तो रक्ताला बारा टक्क्यांसारखा लागू पडतो आणि माणूस शुद्धीत राहतो. मग तो गाळाची मूठ घेऊन वर निघतो. जसजसा वर येतो तसतसा दाब उतरतो आणि त्याच हवेतला ऑक्सिजन खरोखर सहा टक्क्यांचा उरतो. म्हणून बेशुद्धी येते ती तळाला नव्हे, वरच्या काही मीटरांत, कधी डोकं पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या काही सेकंदांत. काठावरची पोरं ‘आला, आला’ म्हणत असतात तेव्हाच. विहिरीतल्या कित्येक मृत्यूंना ‘पोहता येत असूनही कसा बुडाला?’ हा जो प्रश्न चिकटलेला असतो, त्याचं एक उत्तर इथे असू शकतं.

आणि आपल्याकडे या धोक्याला एक खास स्थानिक जोड आहे: कपालभाती आणि भस्त्रिका. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या दोन क्रिया गावोगावच्या सकाळच्या योगवर्गात पोचल्या. सतरंजीवर बसून केल्या तर त्यांवर माझा काही आक्षेप नाही. पण दोन्ही क्रिया जोरात, भराभर आणि बराच वेळ केल्या तर कार्बन डायऑक्साइड खाली आणतात. सकाळी भस्त्रिका करून थेट तलावावर जाणारा आणि पाण्याखालून एका दमात तलावाची लांबी कापायचा प्रयत्न करणारा माणूस क्रेगच्या यादीत बसेल असाच आहे. मोबाइलवर लोकप्रिय झालेली विम हॉफची श्वासपद्धतीही याच जातीची, आणि पाण्यात किंवा पाण्याजवळ करू नका, असं तिच्या सूचनांतच बजावलेलं आहे. आपल्या योगवर्गात ही सूचना मी कधी ऐकली नाही. ती द्यायला अर्धं मिनिट लागतं.

या सगळ्यावर फ्रीडायव्हिंगच्या जगानं काढलेला उपाय यंत्राचा नाही. एक खाली, एक वर. दोघांनी एकाच वेळी बुडायचं नाही. वरच्यानं खालच्यावरची नजर काढायची नाही. तो वर आल्यावरही अर्धं मिनिट त्याच्या चेहऱ्याकडे, ओठांकडे बघत राहायचं. वर येणाऱ्यानं आधी छोटे, आत ओढलेले श्वास घ्यायचे, मोठा निःश्वास सोडायचा नाही. स्पर्धेत तर पृष्ठभागावर आल्यापासून १५ सेकंदांत चेहऱ्यावरचा मास्क काढून, हातानं खूण करून ‘मी ठीक आहे’ असं म्हणावं लागतं; ते जमलं नाही तर कितीही खोल गेलेला असला तरी बुडी बाद. शुद्धीत वर येणं हाच खेळाचा नियम केला, ही मला या खेळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आमच्या विहिरीवर गाळ दाखवला की झालं.

नियम माहीत असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. रशियाची नतालिया मोल्चानोव्हा ही या खेळातली सर्वांत मोठी स्त्री. स्थिर दमाचा, म्हणजे निश्चल राहून श्वास रोखण्याचा, तिचा ९ मिनिटं २ सेकंदांचा विक्रम २०१३ चा. ऑगस्ट २०१५ मध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटालगत, शिकवणीच्या दरम्यान, तिच्या मानानं किरकोळ अशा खोलीवर स्वतःसाठी मारलेल्या बुडीतून ती परत आली नाही. तिचं शव मिळालं नाही. जिनं शेकडो लोकांना जोडीदाराचा नियम शिकवला तिची ही कथा असेल तर विहिरीवरच्या पैजेचं काय सांगावं.

मग राजगुरुनगरच्या एखाद्या मुलानं करावं तरी काय? हृदयाचा त्रास, उच्च रक्तदाब, फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर. बाकीच्यांना घरच्या पलंगावर कोष्टकं करायला कुणाची हरकत नाही. पाण्यातला सराव मात्र तलावात, तोही प्रशिक्षित जोडीदारासोबत आणि जीवरक्षकाला सांगून. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचे पोहण्याचे तलाव आहेत, पण तिथे पाण्याखालून लांब अंतर कापण्यावर जीवरक्षक ओरडला तर त्याचा राग मानू नये. त्याला हेच शिकवलेलं असतं आणि ते बरोबर आहे. खोलीचा सराव समुद्रात. मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, पण स्कूबा वेगळं. तिथे सिलिंडर असतो आणि श्वास रोखणं हीच मोठी चूक ठरते. फ्रीडायव्हिंगचे वर्ग भारतात अंदमानात मिळतात, नाहीतर लोक थायलंड, बाली नाहीतर इजिप्त गाठतात. सुरुवातीच्या प्रमाणपत्राला साधारण दोन मिनिटांचा स्थिर दम आणि तलावात चाळीस मीटर अंतर पुरतं; शिवाय ठरावीक खोलीची बुडी मारावी लागते. गंमत म्हणजे तिथे गेल्यावर बहुतेकांना अडवतो तो दम नसतोच. कान अडवतात. दर मीटर-दोन मीटरला कानातला दाब जुळवावा लागतो, डोकं खाली असताना तो जुळवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते घरी नाक चिमटीत धरून आरामात शिकता येतं. चार मिनिटांच्या दमावर खूश होऊन गेलेली मंडळी कान न जुळल्यानं आठ मीटरवरून परततात.

राहिला प्रश्न धरणाचा, कारण सगळ्यांच्या मनात तेच असतं: चासकमान हाकेवर असताना अंदमान कशाला? मे २०२२ मध्ये याच चासकमानच्या फुगवट्यात चार शाळकरी मुलं बुडाली. ती काही दमाचा सराव करत नव्हती, पण त्या पाण्याचा स्वभाव त्या घटनेतून कळतो. तळ एकसारखा नाही. धरणाखाली गेलेली जुनी बांधबंदिस्ती, झाडांचे बुंधे, अचानक उतरणारे काठ आहेत. विसर्ग सोडला की खाली भीमेच्या पात्रातलं पाणीही बघता बघता चढतं. यांवर पट्टीचा पोहणारा कदाचित मात करेल. पण भर उन्हाळ्यातही गढूळ पाण्यात दोन-तीन हातांपलीकडे काही दिसत नाही, आणि वरच्या जोडीदाराला खालचा दिसत नसेल तर ‘एक खाली, एक वर’ या नियमाला काही अर्थ उरत नाही. दोरी आणि मनगटाला बांधायचा पट्टा असला तर खालच्याला ओढून काढता येतं, पण ओढायची वेळ झाली हे वरच्यानं ओळखायचं कसं? जोडीदाराला तळापर्यंत दिसेल असं पाणी खेड तालुक्यात सापडलंच, तर ते एखाद्या खडकात खोदलेल्या विहिरीत, फाल्गुन-चैत्रात, गाळ खाली बसलेला असताना. आणि अशा विहिरीत उतरायचं, तर काठावरच्या दोघा-तिघांनी पैज लावायला नव्हे, पाण्याकडे बघायला थांबायचं हे आधी ठरलेलं हवं.